अंगातली धडधड खाली कशी आणायची? स्वतः करून पाहिलेले साधे उपाय सांगा

मिटलेली_छत्री

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

तक्रार सांगायला गेलं तर हसू येईल. काही झालेलं नसतं. टेबलावर फोन थरथरतो आणि छातीत धस्स होतं, नाव कुणाचं आहे ते दिसायच्याही आधी. मग धडधड, हात गार, पोटात गोळा. फोन बहुतेक वेळा फालतू असतो. दोन मिनिटांत बोलणं संपतं, पण अंग तासभर ताळ्यावर येत नाही. मागच्या आठवड्यात लक्षात आलं की मेल उघडताना मी श्वास धरून ठेवते. चपलेत पायाची बोटं आवळलेली असतात. रात्री दिवा बंद केल्यावर कळतं की जीभ टाळूला लावून, दात गच्च मिटून पडलेय. झोपायला आलेय की कुस्तीला?

तपासण्या झाल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, ईसीजी, सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." मी म्हटलं बरं. (दुसरं काय म्हणणार!)

ध्यान करून पाहिलं. डोळे मिटले की धडधड जास्तच ऐकू येते, तिसऱ्या मिनिटाला उठून कपाट आवरायला घेते. कपाट सध्या झकास आहे.

तर प्रश्न असा: विचार बदला, सकारात्मक राहा हे नको. शरीराच्या बाजूने काही करता येतं का? स्वतः केलं असेल तेच सांगा. आणि ते का होतं हेही कुणी सांगितलं तर सोन्याहून पिवळं.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. पायाची बोटं वाचली आणि माझी सोडवली.

पायी_पायी

"शांत हो" म्हणणाऱ्या माणसाला आधी खोलीबाहेर काढणे. निम्मा आराम तिथेच.

बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो.

बेडूकमास्तर

छत्रीताई, शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे 'का'चा भाग माझ्याकडे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी एक प्रयोग. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, त्याचा स्वतःचा ठोका असतो आणि गल्लत होते. नाडी सापडली की श्वास आत घ्या आणि मग अगदी सावकाश सोडा. आत घेताना ठोके जरा घाईत पडतील, सोडताना दोन ठोक्यांमधलं अंतर लांबेल. तरुणांत हे ठळक लागतं, माझ्या वयात जरा शोधावं लागतं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच हे नोंदवून ठेवलंय. निरोगी हृदय घड्याळासारखं एकसुरी चालत नाही.

आता कारण. हृदयाला त्याच्या मनावर सोडलं, सगळ्या नसा बाजूला केल्या, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोक्यांनी चालेल. बसल्या जागी आपले ७० पडतात, कारण व्हेगस नावाची नस सतत ब्रेकवर पाय ठेवून असते. मेंदूच्या बुंध्यातून निघते, मानेतून खाली उतरते, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी असा दौरा करते. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. श्वास घेताना हा ब्रेक क्षणभर सुटतो, सोडताना पुन्हा लागतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की ब्रेक जास्त वेळ लागलेला राहतो. 'श्वासावर लक्ष द्या'मागचं यंत्र ते एवढंच.

दुसरं, या नसेतले बहुतेक तंतू, अंदाजे ८० टक्के, वर जाणारे आहेत. शरीराकडून मेंदूकडे. मेंदू हुकूम सोडतो हे आपण धरून चालतो, पण या रस्त्यावर वर्दळ उलट्या दिशेने जास्त. तेव्हा शरीराच्या बाजूने काही करता येईल का, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य दारावर आलाय.

आणि तासभर अंग ताळ्यावर येत नाही ते. अॅड्रिनलिन रक्तातून काही मिनिटांत ओसरतं. ताणाचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मात्र सावकाश चढतं, धक्क्यानंतर वीस-तीस मिनिटांनी त्याची कमाल होते आणि मग उतरायला लागतं. म्हणजे फोन ठेवल्यावर तुमचं काही बिघडलेलं नसतं, उतरणीला लागणारा वेळ लागत असतो. दोन मिनिटं श्वास करून 'छे, काही फरक नाही' म्हणू नका.

अर्धविराम

मास्तर, नाडीचा प्रयोग केला. आयुष्यात पहिल्यांदा कळलं! पण बेडूक का?

बेडूकमास्तर

वाटच बघत होतो कुणी विचारायची. :)

ओटो लोवी हा शास्त्रज्ञ. नस हृदयाला निरोप देते तो विजेचा की रसायनाचा, हा तेव्हाचा वाद. त्याने बेडकाची दोन हृदयं मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस चेतवली, हृदय मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याच्या नसेला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते अॅसिटिलकोलीन, नसेने सोडलेलं रसायन. १९२१ मध्ये निष्कर्ष छापले, १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल. प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, टिपून ठेवली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा उठून थेट प्रयोगशाळा गाठली, असं तो सांगायचा.

दरवर्षी हा पाठ आला की मी रंगात यायचो. त्यावरून पोरांनी बारसं केलं.

निळी_शाई

छत्री, तुझं वाचून माझी पाच वर्षांपूर्वीची आठवण आली. मला भीतीचे झटके यायचे. जवळचे सगळे एकच सांगायचे, "खोल श्वास घे, खोल." मी घ्यायचे. छाती भरभरून, भराभर. थोड्याच वेळात ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, डोकं हलकं. मग खात्रीच पटायची की आता आपलं काही खरं नाही.

अतिदक्षता विभागात काम केलेल्या एका नर्सताईंनी शेवटी उलगडा केला. भराभर मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सरकतो, म्हणून मुंग्या. ऑक्सिजन भरपूर असतो आणि तरी जीव गुदमरतो. त्या म्हणाल्या, "मोठा नको गं, लहान घे. नाकाने. आणि सोडायला वेळ लाव." घेताना तीन आकडे, सोडताना पाच किंवा सहा. ओठ शीळ घालताना करतो तसे. तेवढंच.

कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू नका. धाप दम्याची किंवा हृदयाची असली तर ते अंगाशी येतं.

मिटलेली_छत्री

निळी, 'खोल' आणि 'सावकाश' यांत मी फरकच केला नव्हता. ध्यानाच्या अॅपमधल्या बाई 'डीप ब्रेथ' म्हणायच्या आणि मी फुगा फुगवल्यासारखी छाती फुगवायचे. आता कळतंय कपाट का आवरायला जात होते.

तळटीप

वरच्याला पुस्ती. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२३ मध्ये श्वासाच्या तीन पद्धती आणि साधं ध्यान यांची तुलना छापली. रोज पाच मिनिटं, महिनाभर. त्यात मूड सुधारण्यात सरस ठरला तो उसासा. नाकाने एक श्वास, तो सोडायच्या आधी त्यावरच आणखी एक छोटा घोट, मग तोंडाने लांबलचक उच्छ्वास. रडून थकलेलं मूल झोपेत घेतं तसा. फुप्फुसांतले मिटलेले बारीक फुगे दुसऱ्या घोटाने उघडतात. आपण नकळत तासाला डझनभर उसासे टाकतच असतो.

मात्र त्याच अभ्यासात चिंता सगळ्याच गटांत कमी झाली होती, ध्यान करणाऱ्यांचीही. मथळ्यांत हे वाक्य गळतं.

शंकेखोर

चला, माझी एन्ट्री.

श्वास सावकाश करा, मान्य. पण 'व्हेगस रीसेट', 'तीस सेकंदांत मज्जासंस्था रीबूट' हा जो बाजार भरलाय त्याचं काय? नसेला बटण नाही. कानाला चाप लावायची यंत्रं, मानेला मालिश, तोंड बर्फात. एक पॉलिव्हेगल सिद्धांत आहे, भीती आणि सुरक्षितपणाची भावना व्हेगस नसेवरून समजावणारा, १९९० च्या दशकात स्टीफन पोर्जेस यांनी मांडलेला. समुपदेशनात लाडका आहे, पण त्याच्या शरीरशास्त्रीय पायावर शास्त्रज्ञांत चांगलंच भांडण आहे, हे रील बनवणारे सांगत नाहीत.

आणि ही सूचना ठळक समजा: मानेच्या बाजूला धमनीवर चोळू-दाबू नका. नाडी एकदम उतरून चक्कर येऊ शकते, वयस्कांत त्याहून वाईट होऊ शकतं. तोंडावर गार पाण्याने ठोके उतरतात हे खरं आहे, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांसारखी ती आपलीही प्रतिक्षिप्त क्रिया. पण हृदयाचा त्रास असणाऱ्याने हौस म्हणून बादलीत डोकं घालू नये.

गुणगुण

शंकेखोरदादा, तुमच्यासाठी एक अभ्यास. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी, २००१, ब्रिटिश मेडिकल जर्नल. २३ निरोगी माणसांना जपमाळेवर लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. या वेगाला रक्तदाब आणि ठोके यांच्या लाटा एकमेकींशी जुळतात. कुणाचा देव कुठला, याने फरक पडला नाही. एक ओळ एका उच्छ्वासात म्हणायची म्हटलं की श्वास लांबणारच ना.

मला आकडे मोजत श्वास जमतच नाही. मोजायला लागले की परीक्षेला बसल्यासारखं होतं. मी गुणगुणते. ओठ मिटून नुसतं 'म्म्म'. सूर खालचा. वरच्या ओठाला आणि नाकाच्या दांड्याला गुदगुल्या झाल्या की समजायचं जमलं. श्वास संपेपर्यंत तोच सूर, मग हवा आपोआप आत येते, ओढावी लागत नाही. भ्रामरी म्हणा, नाव काहीही द्या.

शंकेखोर

बर्नार्डींचा शोधनिबंध मला ठाऊक आहे, तक्रार नाही. २३ माणसं म्हणजे जरा थोडीच. पण सहाचा आकडा पुढे इतरांनाही मिळालाय, तेवढं मान्य.

(अवांतर: गुणगुणणं फुकट आहे. म्हणून त्याच्या जाहिराती येत नाहीत.)

पायी_पायी

आलो. सगळे श्वासाकडे वळलेत म्हणून मी दुसरीकडून सांगतो.

वॉल्टर कॅनन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी लढा-किंवा-पळा मांडलं ते आठवा. धोका दिसला की रक्त पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे, यकृतातली साखर रक्तात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. सगळी जमवाजमव हातपाय चालवण्यासाठी. इतकी तयारी झालेल्या शरीराला आपण सांगतो, खुर्चीत बस, डोळे मिट. कसं बसेल? छत्रीताई कपाट आवरायला उठतात ते मला अगदी बरोबर वाटतं.

माझा क्रम असा: आधी हालचाल, मग श्वास. कामाच्या जागी चारचौघांत सूर्यनमस्कार घालता येत नाहीत. म्हणून जिना. दोन मजले वर, खाली येताना मुद्दाम रमतगमत. जिना नसेल तर भिंतीला दोन्ही तळवे लावून भिंत सरकवायचीय अशा जोराने ढकलायचं, दहा मोजेपर्यंत, तीनदा. मग हात झटकायचे, ओले हात झटकतो तसे. त्यानंतर जो उच्छ्वास येतो तो न सांगता लांब असतो.

सैल_गाठ

भिंत ढकलण्याचा सख्खा भाऊ म्हणजे जेकबसन. एडमंड जेकबसन हे अमेरिकन डॉक्टर, १९२९ मध्ये त्यांनी स्नायू टप्प्याटप्प्याने सैलावण्याची पद्धत पुस्तकरूपात आणली. मला पाठीच्या दुखण्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवली. आजवर इतकी सोपी म्हणून सांगितलेली आणि इतकी अवघड निघालेली गोष्ट पाहिली नाही.

"खांदे सैल सोडा," त्या म्हणाल्या. मी सोडले. त्यांनी माझा हात कोपराखाली धरून उचलला आणि त्यांचा हात काढून घेतला. माझा हात हवेत तसाच! सैल असता तर धप्पकन पडला असता. तो मी स्वतःच धरून ठेवला होता आणि मला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी पडला. दोघंही हसलो.

गोम कुठे आहे सांगतो. मूठ पूर्ण जोराने नाही, निम्म्या जोराने आवळायची. पाच-सात सेकंद. आवळताना ताण नक्की कुठे जाणवतो ते बघायचं: पोटरीसारखा फुगतो तो कोपराजवळचा भाग, मनगट नव्हे. मग हळूहळू नाही, एकदम सोडायची. त्यानंतरची वीस-तीस सेकंदं महत्त्वाची, तिथेच लोक घाई करतात. सोडल्यावरही थोडं आवळलेलं उरतं, ते आणखी सुटतं. शिकायचं ते हे उरलेलं ओळखायला. मग दुसरी मूठ, खांदे कानाशी, कपाळ, जबडा, पोट, पाय.

छत्री, जबड्यासाठी दात आवळू नकोस, आधीच आवळलेले आहेत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकव आणि 'न' म्हणताना थांबतेस तशी थांब. वरचे-खालचे दात सहसा एकमेकांना लागत नाहीत.

मिटलेली_छत्री

अय्या, खरंच लागत नाहीत!

कडेकडेने

लिहू की नको करत होतो. माझ्यासारखे इथे आणखी असतील म्हणून लिहितो.

काही जणांना सैल होणंच भीतिदायक असतं. माझ्या अंगाशी काही जुन्या वाईट आठवणी जोडलेल्या आहेत. डोळे मिटून 'शरीराकडे लक्ष न्या' म्हटलं की मी नको तिथे पोचतो. कित्येक वर्षं वाटायचं आपण ढ आहोत, जगाला ध्यान जमतं, आपल्यालाच नाही. मग समुपदेशकांनी सांगितलं की विश्रांतीच्या सरावाने काहींची चिंता वाढते, हे १९८० च्या दशकापासून नोंदलेलं आहे, त्याला नावसुद्धा आहे. त्या दिवशी मी रस्त्याने जवळजवळ उड्या मारत आलो.

मी लक्ष आत नेत नाही, बाहेर ठेवतो. डोळे उघडे. मान सावकाश वळवत खोलीच्या चारी कडा बघायच्या, दार कुठे आहे ते बघायचं. मग तळव्याखालची जमीन. मग लांबून येणारा एखादा आवाज. श्वासाला हातच लावत नाही. तो पाठोपाठ येतो. आला नाही तरी चालतं.

आणि एकट्याने रेटू नका. झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आधी माणूस गाठा, डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ.

निळी_शाई

कडेकडेने, लिहिलंत ते फार बरं केलंत.

अर्धविराम

सगळं वाचलं. माझी एकच भर. हे सगळं मला माहीत होतं आणि ऐन वेळी एकही आठवायचं नाही. डोकं भणभणत असताना 'तीन घ्या सहा सोडा' कुणाला सुचतंय? आता मी धडधड नसताना करतो. दाराच्या कडीवर हात ठेवला की एक लांब उच्छ्वास, मग कडी उघडायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा दार उघडतोच. दीड महिन्याने एका भांडणात आपोआप झालं, मला नंतर कळलं.

मिटलेली_छत्री (साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर आणतेय, हिशेब द्यायला.

काय जमलं नाही ते आधी. उसासा जमला नाही, दुसऱ्या घोटाला मला जांभई येते. सहाचा आकडाही सोडला. घड्याळ लावून श्वास मोजणं म्हणजे नवीन बॉस. पहिल्या आठवड्यात मी दर पाच मिनिटांनी नाडी बघत होते, उतरली का, उतरली का. बघितली की वाढायची. मास्तर, रागावू नका, तुमचा प्रयोग मी बंद केला आणि मगच बरं वाटायला लागलं. श्वास करायचा आणि निकाल बघायचा नाही.

काय राहिलं: भिंत ढकलणे (लोकांना वाटतं मी खांद्याचा व्यायाम करते, वाटू दे), रात्री अंथरुणात फक्त दोन मुठी आणि जबडा, एवढ्यातच बहुधा झोप लागते, पायांपर्यंत मी अजून पोचलेलीच नाही. आणि फोनसाठी दारासारखी कडी शोधली. थरथरला की आधी पायाची बोटं सोडायची, मग उचलायचा. एक रिंग जास्त जाते, कुणी अजून तक्रार केलेली नाही.

धस्स अजून होतं. तासाचे वीस-पंचवीस मिनिटं झालेत. कधी कधी पुन्हा तासभर. दुपारनंतरचं कॅफीन बंद केलंय, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. शंकेखोरदादांच्या आधी मीच लिहून टाकते.

शंकेखोर

माझा रोजगार गेला.

बेडूकमास्तर

रागावतो कशाला! नाडी एकदा कुतूहलाने बघायची चीज, रोज हजेरी घ्यायची नव्हे. ते मी लिहायला हवं होतं.

सैल_गाठ

पायांपर्यंत न पोचणं हेच त्याचं प्रमाणपत्र. मीही कपाळाच्या पुढे क्वचित जातो.

वाचनमात्र

उशिरा आलो. एक शंका. मला रक्तदाबासाठी ठोके कमी करणारी गोळी, बीटा ब्लॉकर, चालू आहे. नाडी तशीही साठ. मग या उच्छ्वासाचा मला उपयोग होतो की नाही, कळणार कसं?

बेडूकमास्तर

ती गोळी अॅड्रिनलिनच्या बाजूचा पाय अॅक्सिलरेटरवरून काढते. व्हेगसच्या ब्रेकला ती हात लावत नाही. त्यामुळे श्वासागणिक होणारा चढउतार तुमच्यातही होतो. पण आकड्यावर जाऊ नका. हाताचे तळवे कोमट झाले का, तोंडाला सुटलेली कोरड गेली का, खांदे कानांपासून खाली आले का, ते बघा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नका, एकाएकी बंद तर मुळीच नको. त्याने ठोके उसळून वर येतात. डॉक्टरांना विचारूनच काय ते.